आई-बापाच्या मागं त्यांचं घर कोणतं? आजारी, दिव्यांग तरुणांच्या निवासाची माहिती

कान्हे (ता. मावळ) : मावळातल्या कुठल्याही गावात जा, अशी दोन-चार घरं निघतातच. मुलगा पस्तिशीचा, अंगानं धडधाकट, पण पैशाचा हिशेब कळत नाही आणि एकट्याला रस्ता ओलांडता येत नाही. कुठं लेक चाळिशीची, मानसिक आजाराची गोळी चालू आहे तोवर सगळं नीट, गोळी सुटली की महिनाभर घरात कुणाला झोप नाही. कुठं जुन्या हायवेवर गाडी घसरली आणि पंचविशीतच कमरेखालचं अंग गेलं. आई भरवते, बाप अंघोळ घालतो. आईनं पासष्टी ओलांडली की घरात एकच विषय निघतो, तोही दबक्या आवाजात : आपल्या मागं याचं कसं व्हायचं?

या प्रश्नाची अडचण वयात आहे. विशेष मुलांच्या शाळा साधारण अठरापर्यंत सांभाळतात. वृद्धाश्रमाचं दार साठीनंतर उघडतं. मधली चाळीस-बेचाळीस वर्षं कुणाचीच नाहीत. शाळावाले म्हणतात वय जास्त झालं, वृद्धाश्रमवाले म्हणतात वय कमी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, त्यातले बरेच जण याच मधल्या वयाचे. त्यांच्यासाठी ज्या सोयी आहेत त्या थोड्या आहेत, पण आहेत, आणि गावात त्यांची माहिती फार कमी पोचलेली आहे.

मदतीसह घर म्हणजे काय

नुसतं छप्पर आणि दोन वेळचं जेवण म्हणजे मदतीसह घर नव्हे. माणूस आपल्या खोलीत, आपल्या वस्तूंसोबत राहतो आणि त्याला जिथं अडतं तिथंच मदत मिळते. कुणाला चोवीस तास माणूस लागतो, कुणाला फक्त सकाळची गोळी आणि महिन्याचा बाजार एवढ्यापुरता. दिवसभर काहीतरी काम असतं. दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो, राहायला नाही. हा फरक सरकारी कायद्यातही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, तो मे २०१८ पासून लागू झाला. घरचे नेत नाहीत किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. अशा लोकांसाठी अर्ध्या वाटेवरची घरं आणि मदतीसह निवास सरकारनं उभा करावा, असंही त्याच कायद्यात आहे.

कागदावर हे झालं. प्रत्यक्षात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय २,५४० खाटांचं आहे, आणि बरे होऊनही न्यायला कुणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षं राहिलेले लोक राज्यातल्या मनोरुग्णालयांत आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना अशा बऱ्या झालेल्या लोकांचं पुनर्वसन करायला सांगितलं. जुलै २०२१ मध्ये तर न्यायालयानं महाराष्ट्रालाच बजावलं, की या लोकांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं ताबडतोब थांबवा. घर द्यायचं म्हणजे कुठंतरी टाकून यायचं नव्हे, एवढा त्याचा सरळ अर्थ.

डोंगरापलीकडचं कोळवण

मावळकरांना सगळ्यात जवळचं आणि बघून यावं असं उदाहरण शेजारच्या मुळशी तालुक्यात आहे. कान्ह्याहून कामशेत, पवनानगर, तिकोना, जवण, हाडशी करत गेलं की कोळवण खोरं लागतं. तिथं साधना व्हिलेज ही संस्था १९९४ पासून बौद्धिक दिव्यांग असलेल्या मोठ्या माणसांसाठी काम करते. लहान मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी, हे महत्त्वाचं. तिथं राहणाऱ्यांना रुग्ण किंवा लाभार्थी म्हणत नाहीत, विशेष मित्र म्हणतात. थोडे थोडे जण मिळून एका घरात राहतात, सोबत गृहमाता असते. घरातली कामं वाटून घ्यायची, पणत्या, मेणबत्त्या, विणकाम, बागकाम यातलं जमेल ते करायचं.

ही वसाहत कुंपण घालून बसली नाही, हेही सांगण्यासारखं. खोऱ्यातल्या गावांत बायकांचे बचत गट आणि इतर ग्रामविकासाची कामं याच संस्थेनं केली. त्यामुळे गावाला संस्थेची गरज आणि संस्थेला गावाची. ज्या गावानं संस्थेकडून काहीतरी घेतलंय, त्या गावात वाट चुकलेल्या विशेष मित्राला कुणी दगड मारत नाही, हात धरून परत आणून सोडतात.

अंगानं अडलेल्यांसाठी कोल्हापूरचं उदाहरण वेगळं आहे. नसीमा हुरजूक स्वतः तरुणपणापासून चाकाच्या खुर्चीत. त्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा झाल्या, आणि पुढं सिंधुदुर्गात स्वप्ननगरी झाली, जिथं काजूवर प्रक्रिया करणारी दिव्यांग माणसं राहतात आणि कमावतातही. खडकीतलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून पाठीच्या कण्याला मार बसलेल्या जवानांसाठी आहे. ते सैन्यातल्यांपुरतंच, त्यामुळे गावातल्या अपघातग्रस्त पोराला तिथं दाखल करता येईल अशी आशा धरू नये. मात्र कमरेखाली जाणीव नसलेला माणूस नीट व्यवस्था असेल तर किती वर्षं आणि किती कामाचं आयुष्य जगू शकतो, हे तिथं दिसतं.

मानसिक आजारासाठी सगळ्यात गावाच्या अंगानं जाणारी पद्धत चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेनं २०१५ पासून सुरू केली. तिचं नाव होम अगेन. मोठी इमारत बांधायचीच नाही. साध्या गल्लीत साधं घर भाड्यानं घ्यायचं, मनोरुग्णालयात अनेक वर्षं अडकलेल्या चार-पाच जणांनी त्यात एकत्र राहायचं, मदतीला एखादी कार्यकर्ती. शेजारीपाजारी, किराणा दुकान, देऊळ सगळं नेहमीसारखं. ही पद्धत महाराष्ट्रात रत्नागिरीपर्यंत आलेली आहे.

यात नवीन काही नाही, असं बेल्जियममधल्या गील नावाच्या गावाचे लोक म्हणतील. तिथं तेराव्या शतकापासून मानसिक आजारी माणसं शेतकऱ्यांच्या घरात राहत आली आहेत. देवीच्या नवसाला आलेल्यांना ठेवायला चर्चमध्ये जागा पुरेना, तेव्हा शेतकऱ्यांनी घरी नेलं. १९३० च्या दशकात अशा पाहुण्यांची संख्या तीन हजारांच्या वर होती. शेतकऱ्याला कामाला हात लागतोच. गुरं सोडणं, पाणी भरणं, लाकडं रचणं यात कुणी हुशारी विचारत नाही. आपल्याकडंही भात लावणीला अशी माणसं खाचरात उतरतात आणि कुणाला त्यात वेगळं वाटत नाही. वेगळं वाटतं ते लावणी संपल्यावर.

आधी आपलंच घर

अपघातानं किंवा लकव्यानं अडलेल्या माणसाला बहुतेक वेळा संस्था लागत नाही, घर बदलावं लागतं. मावळात पाऊस जास्त म्हणून जोतं उंच बांधायची पद्धत. तिथंच चाकाची खुर्ची अडते. उताराचं माप सरळ आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दोन फूट असेल तर चोवीस फुटांचा उतार हवा. एवढी जागा समोर नसेल तर भिंतीला लागून मध्ये वळण देऊन घ्यावा, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवावी. गवंडी हमखास घाई करतो आणि पाच-सहा फुटांत उतार आटपतो. त्यावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. वरून गुळगुळीत कोबा करू नये. सिमेंट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या की जुलै-ऑगस्टच्या शेवाळातही चाक धरून राहतं.

दार तीन फुटांचं. संडास-बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तरी उघडता येतं. बसका संडास काढून खुर्चीचा, बाजूला भिंतीत घट्ट बसवलेली पकडायची दांडी. खुर्ची वळायला आत पाच फुटांचा गोल लागतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि मग बाकी सगळं सोडून दवाखानाच मागं लागतो. घरकुल मंजूर झालेलं असेल तर पाया काढायच्या आधी हे इंजिनिअरला सांगावं. प्रधानमंत्री आवासच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, एवढ्यातही हे बसतं, पण बांधून झाल्यावर फोडाफोड परवडत नाही. जमीन आणि घरं देण्याच्या सरकारी योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात दिव्यांग महिलांना आधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा नियमही बऱ्याच ठिकाणी खुर्ची नाहीतर भांडी वाटून संपवला जातो. कान्हे-टाकवे पट्ट्यात कारखाने आहेत. अशा ग्रामपंचायतींचं कराचं उत्पन्न आतल्या गावांपेक्षा जास्त, म्हणजे ५ टक्केही जास्त. त्या पैशात वर्षाला दोन-तीन घरांचे उतार आणि संडास नीट होऊ शकतात. ग्रामसभेत कुणीतरी उठून तो हिशेब मागायला पाहिजे, विषय पत्रिकेवर येत नाही तोवर ठराव होत नाही.

सातबाऱ्यावरचं नाव

खरी गुंतागुंत इथं आहे. मावळात जमिनीला भाव आला आणि त्याबरोबर घराघरांत वाटणी आली. वाटणीत मतिमंद किंवा वेड्या म्हटल्या जाणाऱ्या भावाचं नाव हळूच गळतं. कुणी म्हणतं त्याला काय कळतंय, कुणी म्हणतं सांभाळतो आम्ही, मग जमीन आमच्या नावावर. तोंडी शब्दावर जमीन जाते, आणि सांभाळणारा भाऊ वारला की वहिनी-पुतण्यांवर कसलं बंधन राहत नाही.

कायदा याबाबतीत शंका ठेवत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. आजार, व्यंग किंवा विकृती यामुळे कुणाचाही वारसा हक्क जात नाही, असं त्याचं कलम २८ सांगतं. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग माणसाला इतरांइतकाच मालमत्ता बाळगायचा आणि वारशानं मिळवायचा हक्क आहे. म्हणजे नाव लागलंच पाहिजे, आणि ज्यांना व्यवहार समजतो त्यांनी स्वतःच सही करायची. पाय गेले म्हणून अक्कल जात नाही. अंध किंवा खुर्चीतल्या माणसाला पालक नेमायचा म्हणून कुणी घाई करत असेल तर त्याची नियत तपासावी.

ज्यांना व्यवहार खरंच समजत नाही त्यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. तो चार प्रकारांनाच लागू होतो : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता. मूल अठराचं झालं की आई-बापाचं नैसर्गिक पालकत्व कायद्यानं संपतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं. आई रोज भरवत असली तरी तिची सही बँकेत चालत नाही, तेव्हा कळतं. पुढच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करायचा. मावळकरांना त्यासाठी पुण्याला जावं लागतं. आई-वडील अर्ज करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणी असलेली संस्थाही करू शकते. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. भावालाच पालक नेमलं तरी हिशेब चुकत नाही, म्हणून हा रस्ता तोंडी वचनापेक्षा कितीतरी बरा. निष्काळजीपणा केला तर पालक बदलताही येतो.

मानसिक आजार या चारांत बसत नाही. तिथं २०१७ च्या कायद्याप्रमाणं माणूस स्वतः आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवू शकतो, पण तो उपचाराच्या निर्णयापुरता. त्या कागदावर जमीन विकता येत नाही. तसं कुणी सांगत असेल तर सरळ वकील गाठावा.

बापाची नोकरी असेल तर अजून एक गोष्ट. देहूरोडचे डेपो, रेल्वे, झेडपी शाळा, एसटी यातून निवृत्त झालेली माणसं मावळात गावोगाव आहेत. केंद्र आणि राज्य सरकारी निवृत्तांचं जे अपत्य दिव्यांगत्वामुळं स्वतःचं पोट भरू शकत नाही, त्याला आई-वडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं, पंचविशीची अट लागत नाही. कारखान्यातल्या पीएफ पेन्शनमध्येही पूर्ण आणि कायमच्या दिव्यांग मुलासाठी तशी सोय आहे. मुलाचं नाव आणि दाखला आई-वडील हयात असतानाच कार्यालयात नोंदवून ठेवावा. नंतर पन्नास वर्षांचा मतिमंद मुलगा पेन्शन ऑफिसात काय सिद्ध करणार? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ च्या निर्णयानं महिना २,५०० रुपये झाली. अर्ज वडगावला तहसीलमध्ये. संस्थेचा खर्च यात भागत नाही, पण औषध-साबणाला होतं.

सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, तो म्हणजे यूडीआयडी कार्ड. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती सुरू होतात. नोंदणी मोबाईलवरून स्वावलंबन पोर्टलवर होते, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. औंधच्या जिल्हा रुग्णालयात बोर्ड बसतं. मानसिक आजाराचाही दाखला मिळतो, कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. लग्नाला अडचण नको म्हणून घरचे दाखला काढत नाहीत आणि माणूस चाळिशी गाठतो. कार्ड असेल तर पहिल्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही घेता येते, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी न करता. न्यासाच्याच घरौंदा योजनेत अठरावर्षांवरच्यांसाठी आयुष्यभराची समूहगृहं आहेत. जागा मोजक्या, म्हणून नाव लवकर घालावं.

संस्था बघायला गेल्यावर

फार्महाऊससारखी इमारत आणि गेटवर मोठी पाटी म्हणजे चांगली संस्था, असं नाही. लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यात बंगले भाड्यानं घेऊन काहीही सुरू करता येतं. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं, मानसिक आजाराच्या केंद्राला मानसिक आरोग्य कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर चेहरा बदलला तर तिथूनच परत फिरावं. न सांगता, जेवणाच्या वेळेला जावं. संडास बघावा, ऑफिस नव्हे. दुपारी तीन वाजता माणसं काय करत आहेत ते बघावं. सगळी झोपलेली असतील तर औषध जास्त दिलं जातंय का, हे विचारावं. रात्री किती माणसं ड्युटीला, बायकांच्या खोलीकडं बाई असते का, आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात नेतात. भेटायला महिन्यातून एकदाच, तेही ठरलेल्या तासाला, अशी अट असेल तर कारण विचारावं. मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधणं कायद्यानं पूर्ण बंद आहे, कुठल्याही नावाखाली. मोठी रक्कम एकरकमी ठेवायला सांगत असतील तर माणूस परत आणला तर त्यातलं किती मिळणार, हे लेखी घ्यावं. जमीन संस्थेच्या नावावर करून द्या म्हणणाऱ्याशी तर वकिलाशिवाय बोलूच नये.

मानसिक त्रास वाढला आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

पाठवायचं ठरलंच तर आई-वडील हयात आणि हिंडते-फिरते असतानाच सुरुवात करावी. आई गेली त्याच महिन्यात पोराला अनोळखी जागी सोडलं तर त्याची आई आणि घर एकदमच जातं. आधी दिवसाची भेट, मग दोन रात्री, मग आठवडा, मध्ये घरी आणायचं. सण-वाराला, गावच्या जत्रेला तो घरी यायलाच हवा. सोबत एक वही द्यावी : सकाळी काय खातो, कशाला घाबरतो, लघवी लागली की कसं सांगतो, कुठल्या गोळीनं पुरळ येतं, कुणाचं नाव घेतलं की शांत होतो. हे आईच्या डोक्यात असतं, फाईलमध्ये नसतं. आणि त्याची रोजची गोधडी द्यावी, नवी नको.